एक्सएमएल: ॲट्रिब्यूट की एलिमेंट? वाचनालयाच्या सूचीची फाइल अडली आहे

सूचीकार_सदाशिव

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाची पुस्तकसूची एक्सएमएलमध्ये (माहितीला टॅगांच्या खुणा लावून साठवायची पद्धत) आणतोय. टॅगांची नावं मुद्दाम मराठीत ठेवली आहेत, कारण फाइल हातानं दुरुस्त करणारे ग्रंथपाल प्रोग्रामर नाहीत. सध्या सगळं ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्या आतच नाव="…" असं लिहिलंय; एलिमेंट म्हणजे टॅगांची जोडी आणि तिच्या पोटातला मजकूर. एका पुस्तकाची नोंद अशी आहे (शीर्षक आणि नाव नमुन्यापुरतं):

```
<पुस्तक दाखल="४५१२, ४५१३" वर्गांक="८९१.४६"
  शीर्षक="मुळा-मुठेचं पाणी" लेखक१="अ. ब. क." लेखक२=""
  वर्ष="शके १८७०" किंमत="२ रु. ८ आ."
  शेरा="पान ४० फाटलेलं
मुखपृष्ठ नवीन बांधलं"/>
```

अडचणी तीन. शेऱ्यातल्या ओळी सेव्ह केल्यावर एकमेकींना चिकटतात. दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला) ४५१३ शोधला की १४५१३ सुद्धा येतो. आणि किंमतीवर क्रम लावता येत नाही.

सहकारी म्हणतो, सगळंच एलिमेंट करून टाक. मला ते पटत नाही, फाइल उगाच लांबलचक होईल. कुठे ॲट्रिब्यूट आणि कुठे एलिमेंट, याचा काही धड नियम आहे का, की ज्याची त्याची आवड?

---

टॅगवाला_कोथरूड

आवडीचा भाग आहे, पण थोडा. तुमच्या तिन्ही अडचणी आवडीतून आलेल्या नाहीत. ॲट्रिब्यूटला जे जमतच नाही ते त्याच्याकडून करून घ्यायला गेल्यामुळे आल्या आहेत.

आधी शेरा. एक्सएमएल १.० मध्येच लिहिलंय की ॲट्रिब्यूटच्या किमतीत (व्हॅल्यूत) थेट टाइप केलेली नवी ओळ किंवा टॅब असेल तर पार्सर (फाइल वाचून तिचे भाग ओळखणारा प्रोग्राम) त्याची साधी जागा करतो. म्हणजे ओळी सेव्ह करताना जात नाहीत, वाचतानाच जातात. सेव्ह करता तेव्हा त्या कायमच्या गेलेल्या असतात. ओळ टिकवायची तर तिथे अँड-हॅश-दहा-अर्धविराम असा संदर्भ लिहावा लागतो. चांगली एक्सएमएल लायब्ररी (म्हणजे तयार कोड) फाइल लिहिताना तो आपोआप घालते, पण नोटपॅडमध्ये टाइप करणारे ग्रंथपाल घालणार नाहीत आणि त्यांनी घालावा अशी अपेक्षाही नको. शेरा एलिमेंटमध्ये न्या, विषय संपला.

दाखल क्रमांकाचा दोष त्याहून खोल आहे. दाखल क्रमांक पुस्तकाचा नसतोच, प्रतीचा असतो. एकाच शीर्षकाच्या दोन प्रती आल्या की नोंदवहीत दोन ओळी होतात. तुम्ही त्या दोन ओळी एका ॲट्रिब्यूटमध्ये स्वल्पविरामानं कोंबल्या. एका एलिमेंटवर एका नावाचं ॲट्रिब्यूट एकदाच येऊ शकतं, दुसऱ्यांदा लिहिलं तर फाइल वेलफॉर्म्डच (एक्सएमएलच्या मूळ नियमांत बसणारी) राहत नाही. म्हणून लोक स्वल्पविरामाची पळवाट काढतात, आणि मग शोधात ४५१३ च्या जोडीला १४५१३ येतो, कारण तुम्ही अक्षरांचा तुकडा शोधताय, क्रमांक नव्हे. लेखक१, लेखक२ ही त्याच दुखण्याची दुसरी पाळी. ॲट्रिब्यूटच्या नावात आकडा आला की समजावं, ही यादी आहे. तिसरा लेखक आला की स्कीमा (फाइलीच्या रचनेचे नियम) बदलणार, आणि तो येतोच.

मी प्रत्येक माहितीला एवढंच विचारतो: हिच्याबद्दल उद्या आणखी काही सांगायची वेळ येईल का? ॲट्रिब्यूटला ॲट्रिब्यूट लावता येत नाही, तिथे रस्ता संपतो. "वर्ष" बघा. जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेलं असतं. शके १८७० म्हणजे गुढीपाडवा १९४८ ते १९४९ चा पाडवा. नुसते ७८ मिळवले तर जानेवारीपासून पाडव्यापर्यंत छापलेलं पुस्तक एक वर्ष मागे पडतं, तिथे ७९ हवेत. महिना छापलेला नसेल तर दोन्ही शक्यता ठेवाव्या लागतात. म्हणजे वर्षाबद्दल तीन गोष्टी सांगायच्या आहेत: छापलंय काय, पद्धत कोणती, इसवी सनात कुठून कुठपर्यंत. हे एका ॲट्रिब्यूटमध्ये मावत नाही.

मी असं लिहीन:

```
<पुस्तक वर्गांक="८९१.४६">
  <शीर्षक भाषा="मराठी">मुळा-मुठेचं पाणी</शीर्षक>
  <व्यक्ती भूमिका="लेखन">अ. ब. क.</व्यक्ती>
  <वर्ष पद्धत="शके" पासून="१९४८" पर्यंत="१९४९">शके १८७०</वर्ष>
  <किंमत रुपये="२.५०">२ रु. ८ आ.</किंमत>
  <प्रत दाखल="४५१२" स्थिती="उपलब्ध">
    <शेरा>पान ४० फाटलेलं</शेरा>
    <शेरा>मुखपृष्ठ नवीन बांधलं</शेरा>
  </प्रत>
  <प्रत दाखल="४५१३" स्थिती="बांधणीला"/>
</पुस्तक>
```

किंमत आणि वर्ष यांत एकच युक्ती आहे: पुस्तकावर छापलंय ते एलिमेंटच्या पोटात जसंच्या तसं, आणि यंत्राला हवा तो सरळ केलेला आकडा ॲट्रिब्यूटमध्ये. एचटीएमएलचा टाइम एलिमेंट हेच करतो. सगळे टॅग पुसून नुसता मजकूर उरला तरी वाचणाऱ्याला नोंद कळली पाहिजे.

आण्यांबाबत एक सावधगिरी. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्याआधी १६ आण्यांचा रुपया. ८ आणे म्हणजे ०.५० हे छान बसतं, पण ३ आणे म्हणजे ०.१८७५. दोन दशांशस्थळांची मर्यादा घातली असेल तर नोंद अडकेल, चार ठेवा. पै आली तर (१२ पै म्हणजे एक आणा) एक पै हा रुपयाचा १९२ वा भाग, तो दशांशात संपतच नाही. तशी पुस्तकं असतील तर रुपयांऐवजी एकूण पै पूर्णांकात साठवा.

---

पार्सर_औंध

वरचं बरंचसं मान्य. पण "शंका आली की एलिमेंट" हा निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून दुसरी बाजू.

फाइल मोठी असली आणि ती सॅक्ससारख्या प्रवाही पार्सरनं वाचत असलात, तर ॲट्रिब्यूट सगळेच्या सगळे सुरुवातीच्या टॅगच्या घटनेबरोबर एकदम हातात पडतात. स्थिती="बांधणीला" दिसली की ती प्रत तिथेच सोडून पुढे जाता येतं. स्थिती आतल्या एलिमेंटमध्ये असेल तर ती येईपर्यंत आधीचं सगळं धरून ठेवावं लागतं. शिवाय एलिमेंटचा मजकूर एका तुकड्यात येईल याची हमी नाही. बफर संपेल तिथे तुटतो. देवनागरीत तो "मु" आणि "ठे" यांच्या मधेच काय, अक्षर आणि मात्रेच्या मधेही तुटतो. प्रत्येक तुकड्यावर लगेच प्रक्रिया करणारा कोड इंग्रजी डेटावर महिनोन्महिने बरा चालतो आणि मराठीवर पहिल्याच दिवशी मात्रा गाळतो. तुकडे जोडत राहा, शेवटचा टॅग आला की मगच वापरा. ॲट्रिब्यूटला ही भानगडच नाही.

दुसरं, डीटीडी (स्कीमा लिहायची जुनी पद्धत) वापरणार असाल तर ठराविक पर्यायांची यादी (उपलब्ध, बांधणीला, गहाळ), आयडी (एकमेव ओळख), आयडीरेफ (तिचा संदर्भ), न लिहिल्यास धरायची (डिफॉल्ट) किंमत, हे सगळं फक्त ॲट्रिब्यूटला मिळतं. एलिमेंटच्या मजकुरावर डीटीडीचा ताबा नाही. एक्सएसडीत (स्कीमा लिहायची नवी पद्धत) दोन्हीला प्रकार लावता येतात, पण तिथेही एक्सएसडी १.१ मधली "अटीनुसार प्रकार" ही सोय फक्त ॲट्रिब्यूटच वाचू शकते. भूमिका="भाषांतर" असेल तर मूळ भाषा सक्तीची, असं काही या सोयीनं करायचं असेल तर भूमिका ॲट्रिब्यूटच हवी.

न लिहिल्यास धरायच्या किमतीचा मोह मात्र टाळा. डीटीडी बाहेरच्या फाइलीत असेल आणि पार्सर ती वाचत नसेल तर ॲट्रिब्यूट उगवतच नाही. एका यंत्रावर चलनाचं ॲट्रिब्यूट दिसतं, दुसऱ्यावर नाही, आणि फाइल तर तीच. ही चूक शोधायला फार वेळ खाते.

बाहेरच्या जगातही दोन्ही चालतं. यूपीआयच्या संदेशांत रक्कम आणि चलन दोन्ही ॲट्रिब्यूट आहेत. आयएसओ २००२२ च्या बँक-संदेशांत रक्कम एलिमेंटच्या पोटात आणि चलनाचा तीन अक्षरी कोड तेवढा ॲट्रिब्यूट. दोन्ही व्यवस्थित चालतात, कारण ते संदेश यंत्रानं लिहायचे नि यंत्रानं वाचायचे. त्यात कुणी शेरा मारत नाही. ग्रंथपाल हातानं लिहिणार असतील तर गणित वेगळं, हे टॅगवाल्यांचं खरं.

आणि एलिमेंट नंतर वाढवणं फुकट आहे असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं धरा. साध्या किंमत एलिमेंटला नंतर ऐच्छिक ॲट्रिब्यूट जोडलं तर जुन्या फाइली वैध राहतात, जुने एक्सपाथही (फाइलीतला भाग शोधायचे पत्ते) चालतात. पण जावात जॅक्स-बीनं (स्कीमावरून कोड बनवणारं साधन) क्लास तयार केले असतील तर कालपर्यंत सरळ दशांश असलेलं फील्ड आज वेगळा क्लास होतं आणि आतून किंमत काढावी लागते. कोड बदलावा लागतोच. उलट दिशेला, ॲट्रिब्यूटचं एलिमेंट करताना, एक्सपाथ, स्कीमा आणि कोड तिन्ही मोडतात, हे मान्य.

---

जोडाक्षर

तांत्रिक चर्चा उत्तम, पण टॅगच मराठीत आहेत म्हटल्यावर काही खड्डे फक्त आपल्यासाठी खणलेले आहेत.

१. नावातलं जोडाक्षर. "ऱ्य" दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, किंवा साधा र, हलन्त, मधे न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे. पार्सर कोणतंही सामान्यीकरण करत नाही, त्याला ही दोन वेगळी नावं. कर्मचाऱ्याचं नाव असा टॅग एका कीबोर्डवर उघडला आणि दुसऱ्यावर बंद केला की "टॅग जुळत नाहीत" अशी चूक येते आणि बघणारा डोळे चोळत बसतो. ॲ चंही तेच: एक अखंड अक्षर आहे, आणि अ, जॉइनर, चंद्र असं जोडूनही येतं. वर जॉइनर नावात चालतो की नाही हे पार्सरवर अवलंबून. एक्सएमएल १.० च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत तो नावात निषिद्ध होता, २००८ च्या पाचव्या आवृत्तीत मुभा मिळाली. लिबएक्सएमएल२ पाचवीप्रमाणे चालतं, जावातलं झर्सिस चौथीच्या नियमांवर आहे. तेव्हा एलिमेंट असो वा ॲट्रिब्यूट, नावात ऱ्य, ऱ्ह, ॲ नकोतच. "शेरा" चालेल, "शेऱ्याचा प्रकार" नको (जागाही चालत नाही, तिथे अंडरस्कोर).

२. आकडे. वरच्या उदाहरणांतले देवनागरी आकडे वाचायला छान दिसतात, पण एक्सएसडीचे पूर्णांक, दशांश आणि वर्ष हे प्रकार फक्त इंग्रजी आकडे घेतात. रुपये="२.५०" दशांश म्हणून अवैध ठरेल. गंमत म्हणजे पॅटर्नमध्ये उलटं होतं: एक्सएसडीतला बॅकस्लॅश-डी हा युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक मानतो. प्रकाशकाच्या पत्त्यातल्या पिनला "सहा अंक" असा पॅटर्न लावलात तर ४११०३० देवनागरीतही पास होतो आणि पुढे डेटाबेसमध्ये जाऊन आपटतो. पॅटर्नमध्ये शून्य ते नऊ अशी इंग्रजी अंकांची कक्षा स्पष्ट लिहा. म्हणजे टॅगवाल्यांची युक्ती इथे दुप्पट कामाची: पोटात देवनागरी आकडे, ॲट्रिब्यूटमध्ये इंग्रजी.

३. आयडी. दाखल क्रमांकाला एक्सएमएलचा आयडी हा प्रकार लावायचा मोह होईल. आयडी हे एक्सएमएलचं नाव असावं लागतं आणि नाव इंग्रजी अंकानं सुरू होत नाही; देवनागरी अंकानं चौथ्या आवृत्तीच्या नियमांत नाही, पाचवीत चालतं. "द४५१२" चालेल, "४५१२" सगळीकडे चालेलच असं नाही. अक्षर चिकटवायचं नसेल तर एक्सएसडीत की-कीरेफ वापरा, त्याला असलं बंधन नाही, आणि ते एलिमेंटवरही चालतं.

४. भाषा="मराठी" हे घरगुती ॲट्रिब्यूट कशाला? एक्सएमएलचं स्वतःचं राखीव लँग ॲट्रिब्यूट आहे (खऱ्या फाइलीत ते रोमन लिपीतच लिहावं लागतं), मराठीचा कोड एम-आर. एक्सपाथचं लँग फंक्शन तेच वाचतं, आणि ते आतल्या सगळ्या एलिमेंटना आपोआप लागू होतं. मुळावर एकदा मराठी म्हटलं की फक्त इंग्रजी-हिंदी शीर्षकांवर वेगळं लिहायचं. माणसानं वाचायचा मजकूर ॲट्रिब्यूटमध्ये ठेवू नये याचं हेच मोठं कारण: एका एलिमेंटवरच्या सगळ्या ॲट्रिब्यूटना एकच भाषा लागू होते. शीर्षक मराठी आणि मूळ शीर्षक इंग्रजी अशी दोन ॲट्रिब्यूट शेजारी ठेवलीत तर भाषा सांगायची कुठे?

वर्गांकाबद्दल टॅगवाल्यांशी माझं पटत नाही. ८९१.४६ हा ड्यूई या ग्रंथ-वर्गीकरण पद्धतीतला मराठी साहित्याचा अंक, पण ड्यूईच्याही आवृत्त्या असतात आणि तोच विषय आवृत्तीगणिक हलतो. मार्कमध्ये (वाचनालयांच्या नोंदींचा ठरलेला साचा) ०८२ क्रमांकाच्या फील्डमध्ये वर्गांकाशेजारी आवृत्तीला वेगळं उपफील्ड आहे ते उगाच नाही. तुमच्याच कसोटीनं वर्गांक एलिमेंट व्हायला हवा.

---

टॅगवाला_कोथरूड

बरोबर. वर्गांक एलिमेंट करा, पद्धत आणि आवृत्ती त्याची ॲट्रिब्यूट. भाषेचंही मान्य.

मार्कचा विषय निघालाच आहे तर मार्कएक्सएमएलची रचना बघून ठेवा, उद्या कोहात (वाचनालयांचं सॉफ्टवेअर) वगैरे डेटा द्यायचा झाला तर तिकडेच जावं लागेल. त्यात फील्डचा क्रमांक (शीर्षकाला २४५), दोन निर्देशक आणि उपफील्डचा कोड हे सगळं ॲट्रिब्यूट, आणि पुस्तकाबद्दलचा प्रत्येक शब्द एलिमेंटच्या पोटात.

---

सूचीकार_सदाशिव

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. आता जुन्या नोंदी नव्या साच्यात न्यायच्या आहेत. एक्सएसएलटीनं (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) करायचा विचार आहे. "४५१२, ४५१३" फोडून दोन प्रत एलिमेंट कशी करायची? आणि चिकटलेल्या शेऱ्यांचं काय?

---

पार्सर_औंध

एक्सएसएलटी २.० किंवा वरची असेल तर टोकनाइझ फंक्शन आहे: स्वल्पविराम आणि त्यामागची जागा हा विभाजक द्या, मिळालेल्या प्रत्येक तुकड्याला एक प्रत एलिमेंट. एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोग्राम १.० चा आहे, तिथे ते फंक्शन नाही, पण ईएक्सएसएलटी या जोडसंचाचं स्ट्रिंग्जमधलं टोकनाइझ चालतं. ते विभाजकाचं प्रत्येक अक्षर वेगळं धरतं, त्यामुळे स्वल्पविराम आणि जागा दोन्ही दिलेत तर दोन्हींवर तुटेल, जे इथे हवंच आहे.

सुरुवात आयडेंटिटी टेम्प्लेटनं करा (जे आहे ते जसंच्या तसं उतरवणारं), आणि जी ॲट्रिब्यूट हलवायची आहेत फक्त त्यांच्यासाठी वेगळी टेम्प्लेट लिहा. क्रम सांभाळा: एखाद्या एलिमेंटच्या आत पोटातला मजकूर लिहायला लागल्यावर त्यावर ॲट्रिब्यूट जोडता येत नाही. २.० मध्ये ती सरळ चूक आहे, १.० ची काही यंत्रं मुकाट्यानं ॲट्रिब्यूट गाळतात, आणि ते जास्त वाईट. त्यामुळे आधी राहणारी ॲट्रिब्यूट उतरवा, मग एलिमेंट.

लेखक२="" अशी रिकामी ॲट्रिब्यूट गाळा. रिकामं एलिमेंट करून पुढे नेलंत तर "दुसरा लेखक नाही" आणि "दुसऱ्या लेखकाचं नाव माहीत नाही" यांतला फरक कायमचा हरवेल. नाव खरंच माहीत नसेल तिथे एक्सएसडीची निल ही खूण लावा. ती फक्त एलिमेंटवर लागते.

चालवून झाल्यावर जुन्या फाइलीतले स्वल्पविरामानं तुटलेले एकूण दाखल क्रमांक मोजा आणि नव्या फाइलीतली प्रत एलिमेंट मोजा. आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी स्वल्पविरामाऐवजी "व" किंवा तिरकी रेघ लिहिलेली असणार.

---

टॅगवाला_कोथरूड

शेऱ्यांसाठी: ज्या फाइली फक्त हातानं टाइप झाल्यात आणि अजून कुठल्याही प्रोग्राममधून सेव्ह झालेल्या नाहीत, त्यांत नव्या ओळी अजून आहेत. पण एक्सएसएलटी त्या बघू शकणार नाही, कारण तिच्याकडे पोचेपर्यंत पार्सरनं जागा करून टाकलेली असते. म्हणून एक्सएसएलटीच्या आधी एक साधी पायरी: फाइल नुसता मजकूर म्हणून उघडा, एक्सएमएल म्हणून नाही, आणि शेरा="…" या अवतरणांच्या आतली प्रत्येक नवी ओळ तेवढ्यापुरती एखाद्या न वापरलेल्या चिन्हानं बदला, उदाहरणार्थ दोन उभ्या रेघा. शेरे दुहेरी अवतरणात आहेत की एकेरी हे आधी तपासा, दोन्ही वैध असतात. मग एक्सएसएलटीत त्या चिन्हावर फोडून शेरा एलिमेंट करा.

सेव्ह होऊन चिकटलेल्या शेऱ्यांना मात्र नोंदवहीच उघडावी लागेल.